परदेशी शिक्षण : बरोबर काय जाते, मागे काय राहते?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' अशी आपल्याकडे म्हण आहे. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच, असे ती सांगते. पण परदेशात शिकायला जाणाऱ्या मुलाविषयी आपण बोलतो तेव्हा ही म्हण विसरतो. तिकडे जात नाही, वशिला नाही, गुणांची कदर होते, असे आपण एकमेकांना सांगतो. त्यातील काही खरे आहे आणि काही आपल्या मनाची समजूत आहे. खरे कोणते आणि समजूत कोणती, हे निवडून पाहण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

हा विषय आमच्यासारख्यांनी का घ्यावा, असे कोणी विचारील. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या बाळकुम गावात परदेशगमनापेक्षा ठाणे स्टेशनची बस वेळेवर मिळण्याची चिंता मोठी असते. तरीही हा विषय आपला आहे, असे मला वाटते. परदेशी विद्यापीठाच्या दारात कोण पोहोचते आणि कोण पोहोचत नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या गावातच ठरलेले असते.

तीन शब्द

या चर्चेत तीन शब्द सतत येतात : विविधता, विशेषाधिकार आणि भेदभाव. विविधता म्हणजे एका वर्गात निरनिराळ्या देशांची, वर्णांची, भाषांची आणि धर्मांची मुले असणे. भेदभाव म्हणजे त्यांतील एखाद्याला त्याच्या जन्मामुळे कमी लेखणे, डावलणे किंवा त्रास देणे. हे दोन्ही शब्द समजायला सोपे आहेत.

अवघड आहे तो विशेषाधिकार. या शब्दाने राजेरजवाडे डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी त्याला 'आयती शिदोरी' म्हणते. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या हातात आई भाकरी बांधून देते. ती भाकरी त्याने भाजलेली नसते. त्यात त्याचा अपराध नाही, कष्टही नाहीत. मात्र वाटेत शेजारी उपाशी बसला असेल, तर 'मी माझ्या हिमतीवर पोट भरले' असे त्याने म्हणू नये. घरात इंग्रजी बोलले जाणे, वडिलांच्या नावावर तारण ठेवता येईल असे घर असणे, आडनाव सांगताना आवाज खाली न येणे, चुलतभाऊ आधीच अमेरिकेत असणे, ही सारी आयती शिदोरी होय. ज्याच्याजवळ ती असते त्याला तिचे वजन जाणवत नाही. ज्याच्याजवळ नसते त्याला मात्र पावलोपावली जाणवते.

कल्याणची आनंदी

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातच या विषयाचा पहिला मोठा दाखला आहे. बाळकुमहून खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीमार्गे गेले की कल्याण येते. आनंदीबाई जोशी तेथल्याच. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा आणि बालपण कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी, हा त्यांचा निश्चय त्या दुःखातून पक्का झाला.

गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मिशनऱ्यांना पत्र लिहिले. मदत मिळू शकेल, पण धर्म बदलावा, अशी अपेक्षा उत्तरात होती. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता स्नेहाचा हात पुढे केला. आनंदीबाईंनी फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर येथे भाषण करून आपण का जात आहोत हे सर्वांना सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन असे स्पष्ट केले. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

त्यांना फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. १८५० साली स्थापन झालेल्या या संस्थेचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८५ सालच्या त्या छायाचित्रात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली. आजचे कोणतेही विद्यापीठ हे छायाचित्र आपल्या माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर आनंदाने छापील. याच महाविद्यालयातून १८६७ साली रिबेका कोल ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी डॉक्टर झाली होती आणि १८८९ साली सुझन ला फ्लेश ही अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा जमातीची मुलगी डॉक्टर झाली.

एवढी विविधता या एकाच महाविद्यालयात कशी आली? याचे साधे कारण असे की, त्या काळी बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये स्त्रियांना दाराशी उभी करीत नव्हती. इतरत्र दार बंद म्हणून सगळ्या जणी एका दाराशी जमल्या. म्हणजे छायाचित्रातील विविधता ही एका जागच्या उदारपणाची खूण आहे, तशीच ती इतर जागांच्या भेदभावाचीही खूण आहे. विविधतेचे चित्र पाहताना ही दुसरी बाजू आपण क्वचितच पाहतो.

आनंदीबाईंची शिदोरी कोणती होती? त्या ब्राह्मण घरातल्या होत्या, नवरा सरकारी नोकरीत होता आणि शिकविण्याच्या वेडाने भारलेला होता. या गोष्टी त्या काळच्या इतर मुलींपाशी नव्हत्या. आनंदीबाईंच्या जन्माच्या दहा वर्षे आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या प्रयत्नाने शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' मध्ये छापून आला. बुद्धी तिच्याजवळही होती, शब्दही होते. पण तिला फिलाडेल्फियाची बोट दिसणे शक्यच नव्हते. बोटीपर्यंत नेणारा रस्ताच तिच्या वाट्याला आला नव्हता.

असे म्हटल्याने आनंदीबाईंचे कष्ट तिळमात्र कमी होत नाहीत. परमुलखात शाकाहार सांभाळायचा, बर्फाळ थंडीत लुगडे नेसून वावरायचे, परक्या भाषेत शरीरशास्त्र शिकायचे आणि इकडच्या लोकांचे टोमणे पत्रांतून व वर्तमानपत्रांतून सोसायचे, हे सारे त्यांनी विशीच्या आसपास केले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने त्यांना गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत ठेवण्यात आल्या.

तात्पर्य, एकाच माणसापाशी एका बाजूने शिदोरी असते आणि दुसऱ्या बाजूने अडसर असतो. जातीने वर, स्त्री म्हणून खाली, परदेशात परकी. आनंदीबाई एकाच वेळी या तिन्ही ठिकाणी होत्या. म्हणून 'हा सुखी गट' आणि 'तो दुःखी गट' अशी सरळ रेघ मारता येत नाही.

१९१३ साली गेलेले दोघे

१९१३ साली हिंदुस्थानातून अमेरिकेत गेलेल्या दोन तरुणांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

पहिले आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांचे सोबती होते आणि तो स्नेह जन्मभर टिकला. १९१५ साली ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध विद्यापीठातील चर्चासत्रात वाचला. पुढे ते लंडनला गेले.

परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, अशा अर्थाचे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ग्रंथालयात, खाणावळीत, वर्गात कोणी विटाळ मानीत नव्हते. पण १९१७ साली करारानुसार ते बडोद्यास आले आणि जातीने पहिल्याच दिवशी गाठले. राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि तीही जागा सोडावी लागली. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत. कोलंबियाची विद्या तीच होती, माणूसही तोच होता. बदलला होता फक्त मुलूख.

या अनुभवावरून 'परदेश चांगला, आपला देश वाईट' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण त्याच काळी अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला अनेक राज्यांत वेगळ्या शाळेत, वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या नळावर जावे लागत होते. बाबासाहेबांना अस्पृश्यतेतून मोकळीक देणारा देश आपल्याच नागरिकांवर दुसऱ्या प्रकारची अस्पृश्यता लादीत होता. बाबासाहेबांना याची जाण होती. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते आणि विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोघांच्या दुखण्याचे नाते त्यांनी ओळखले होते.

दुसरा तरुण पंजाबचा भगतसिंग थिंद. तोही १९१३ सालीच अमेरिकेत उतरला, कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला. त्या वेळी कायद्याने नागरिकत्व प्रामुख्याने गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळे. थिंदने ते मागितले. त्याच्या बाजूने असे मांडण्यात आले की, तो उच्चवर्णीय आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे आणि उच्चवर्णीय हिंदू हा खालच्या लोकांकडे, गोरा अमेरिकन कृष्णवर्णीयांकडे पाहतो त्याच नजरेने पाहतो; तेव्हा त्याला गोराच समजावे! १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा, असे न्यायालयाने ठरविले. त्यानंतर अनेक हिंदी लोकांना आधी मिळालेले नागरिकत्वही गमवावे लागले.

एकाच वर्षी गेलेले हे दोघे. एकाच्या डोक्यावर जातीचे ओझे होते. ते परदेशात उतरले तेव्हा त्याला मोकळा श्वास घेता आला. दुसऱ्याच्या वतीने जातीचा मोठेपणा पुढे करण्यात आला. तो तिकडच्या बाजारात खपला नाही. आपल्यावर अन्याय होतो तेव्हा सर्व माणसे समान आहेत असे म्हणायचे, की 'आम्ही त्या खालच्यांतले नव्हे' असे म्हणायचे, हा प्रश्न त्या खटल्याने उभा केला. तो आजही परदेशात जाणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतो.

विविधता की न्याय?

परदेशातील विद्यापीठे विविधतेचा एवढा उल्लेख का करतात, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत १९७८ साली बाकी नावाच्या विद्यार्थ्याचा खटला गाजला. त्यात सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा अमान्य केल्या. मात्र वर्गात निरनिराळ्या पार्श्वभूमीची मुले असल्याने सर्वांच्याच शिक्षणाला लाभ होतो, म्हणून प्रवेश देताना वंशाचाही विचार करता येईल असा मार्ग मोकळा ठेवला. तेव्हापासून 'विविधता' हा परवलीचा शब्द झाला. जून २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तोही मार्ग जवळजवळ बंद केला.

आपल्याकडील आरक्षणाचा पाया निराळा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांतील ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. वर्ग रंगीबेरंगी दिसावा असा त्यामागे हेतू नव्हता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवले त्यांचा हक्क त्यांना द्यावा असा होता. पुढे आपल्या संविधानानेही हेच तत्त्व स्वीकारले.

फरक बारीक वाटतो, पण मोठा आहे. विविधतेच्या हिशेबात कोणीही भारतीय चालतो. मुंबईच्या श्रीमंत वस्तीतील, इंग्रजी शाळेत शिकलेला मुलगा आणि मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराची मुलगी हे दोघेही यादीत 'भारतीय विद्यार्थी' या एकाच रकान्यात पडतात. रकाना भरला की विद्यापीठाचे काम झाले. न्यायाच्या हिशेबात मात्र विचारावे लागते : भारतीय, पण कोणता? कोणाच्या घरातला? कोणत्या वाटेने आलेला?

दारापर्यंतचा रस्ता

आता आपल्या गावाकडे वळू. बाळकुम हे ठाण्याच्या खाडीकाठचे जुने गाव. बाळकुम-कोलशेत पट्ट्यात एके काळी कारखान्यांचे भोंगे वाजत; आता अनेक कारखान्यांच्या जागी तीस-चाळीस मजली इमारती आहेत. गावठाणातील कौलारू घरे, पाड्यांवरच्या चाळी आणि हे मनोरे एकाच नाक्यावरून भाजी घेतात. पण परदेशी शिक्षणाचा प्रश्न या घरांत एकसारखा विचारला जात नाही. मनोऱ्यात 'कोणत्या देशात पाठवायचे?' असे विचारतात. गावठाणात 'पदवीनंतर नोकरी कधी?' असे विचारतात. दोन्हीकडची मुले हुशार आहेत. प्रश्नच वेगळे आहेत.

प्रत्यक्ष रस्ता कसा असतो ते पाहा. प्रथम इंग्रजीची परीक्षा. तिची फी हजारो रुपयांची आणि गुण दोनच वर्षे चालतात. मग प्रत्येक विद्यापीठाच्या अर्जाची फी वेगळी. मग प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रे आणि स्वतःविषयीचे निवेदन. हे निवेदन म्हणजे आपले गुण आपणच सांगायचे. ज्या घरांत मोठ्यांसमोर स्वतःची स्तुती करणे हा उद्धटपणा समजतात, तेथील मुलामुलींना हा कागद सर्वांत जड जातो. ज्यांना जमते त्यांना बहुधा ते पैसे मोजून शिकविलेले असते.

त्यानंतर पैसा दाखविणे. अमेरिकेच्या विद्यापीठाला पहिल्या वर्षाचा सारा खर्च कोठून येणार हे कागदोपत्री दाखवावे लागते. इंग्लंडच्या व्हिसासाठी ठरलेली रक्कम सलग २८ दिवस बँकेच्या खात्यात पडून राहावी लागते. ज्यांच्या घरी महिन्याच्या वीस तारखेला किराणा उधारीवर येतो, त्यांनी लाखो रुपये २८ दिवस न हलविता ठेवायचे कसे?

मग कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. येथे आमच्यासारख्या जुन्या गावकऱ्यांची खरी गोची होते. गावठाणातील घर पणजोबांच्या काळापासूनचे. पण अशा अनेक घरांना मिळकत पत्रिका नाही, वाटण्या कागदावर नाहीत, नावे जुन्याच माणसांची. घर आहे, पण बँकेच्या लेखी ते नाही. काल आलेल्याच्या सदनिकेचे कागद चोख असतात आणि चार पिढ्या राहिलेल्याचे घर तारण म्हणून चालत नाही. ठाण्यातील एका मार्गदर्शन मेळाव्यात मी सहज म्हणून गेले होते. तेथील गृहस्थांनी माझे गुण विचारलेच नाहीत. 'वडिलांच्या नावावर फ्लॅट आहे का?' एवढेच विचारले आणि नाही म्हटल्यावर पुढच्या मुलीकडे वळले. त्यात त्यांनी अपमान केला असे नाही. त्यांनी व्यवहार पाहिला. पण आयती शिदोरी म्हणजे काय, हे मला त्या एका प्रश्नाने जितके समजले तितके पुस्तकाने समजले नाही.

यावर उपाय म्हणून शिष्यवृत्त्या आहेत. केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. ती अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठविते; तिच्या जागा वर्षाला ७५. इतर मागासवर्ग, आदिवासी आणि खुल्या प्रवर्गातील गरजूंसाठीही राज्याच्या योजना आहेत. या योजनांमुळे शेतमजुरांची आणि सफाई कामगारांची मुले लंडनपर्यंत पोहोचली आहेत. परंतु २०२२ साली केंद्राच्या योजनेच्या नियमांत असे घालण्यात आले की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय घेऊन परदेशी जाता येणार नाही. असा नियम १९१३ साली असता तर? बाबासाहेबांचा एम. ए. चा प्रबंध प्राचीन भारतातील व्यापारावर होता आणि चर्चासत्रातील निबंध भारतातील जातींवर! दुरून पाहिल्यावर घर नीट दिसते. ज्याला घरात कोपऱ्यात बसविले जाते, त्याला तर ते दुरून पाहण्याची अधिकच गरज असते.

तेथे गेल्यावर

इतके सारे पार करून जो पोहोचतो, त्याच्यापुढे तेथील भेदभाव असतो. उच्चाराला हसणे, नाव नीट न घेणे, भाड्याच्या खोलीसाठी टाळाटाळ, 'तुझ्या देशात परत जा' असे रस्त्यावर ऐकणे, हे प्रकार नवे नाहीत. २००९-१० मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि ३१ मे २००९ रोजी हजारो विद्यार्थी तेथील रस्त्यावर उतरले. मार खाणाऱ्यांत अनेक जण असे होते की, जे रात्री उशिरापर्यंत दुकानात राबून किंवा टॅक्सी चालवून शेवटच्या गाडीने दूरच्या स्वस्त वस्तीत परतत. महाविद्यालयाजवळ महाग खोली घेऊन राहणाऱ्याला त्या गाडीने जावेच लागत नव्हते. वर्णद्वेष सर्वांवर असतो, पण त्याचा फटका खिसा पाहून बसतो.

दुसरा भेदभाव आपण स्वतः बरोबर नेतो. पासपोर्टवर जात लिहिलेली नसते, पण आडनाव लिहिलेले असते. पाच भारतीय मुले खोली वाटून घेताना 'पूर्ण नाव काय?', 'गाव कोणते?', 'घरी मांस-मच्छी चालते का?' हे प्रश्न परदेशातही निघतात आणि विचारणाऱ्याला काय हवे आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर कळते. गोऱ्या प्राध्यापकाला या प्रश्नांतील खोच समजत नाही. म्हणून तक्रार करायची तर आधी जात म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते.

यासाठीच काही ठिकाणी नियम झाले. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या ब्रँडाइस विद्यापीठाने आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. जानेवारी २०२२ मध्ये, तेव्हा तेवीस शाखा असलेल्या कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने तेच केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असे विधेयक मंजूर केले, परंतु ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी, सध्याच्या कायद्यातच हे संरक्षण आहे असे सांगून, ते नाकारले. इंग्लंडमध्ये २०१३ साली संसदेने समानता कायद्यात जात आणण्याची तरतूद केली. २०१८ साली सरकारने ती अमलात न आणण्याचे ठरविले.

या नियमांना विरोध करणारे तिकडचे भारतीय म्हणतात की, त्यामुळे सगळ्या हिंदूंकडे संशयाने पाहिले जाईल आणि आधीच परके समजल्या जाणाऱ्या समाजावर आणखी एक शिक्का बसेल. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परमुलखात अल्पसंख्य असणे सोपे नसते. पण ज्याला घराबाहेर वर्णाचा आणि घरात जातीचा असा दुहेरी मार बसतो, त्याने घरच्या अब्रूसाठी गप्प बसावे काय? वर्णद्वेषाविरुद्ध दाद मागताना ज्याला सर्वांची साथ हवी असते, त्याने जातीच्या तक्रारीला 'हा आपला घरगुती मामला' म्हणू नये. थिंदच्या खटल्यातील चूक आपण पुन्हा करू नये.

मग करावे काय?

परदेशी जाऊ नये, असा या लेखाचा अर्थ नाही. उलट अधिकांनी जावे आणि आजवर जे गेले नाहीत त्यांनी आधी जावे. आनंदीबाई गेल्या म्हणून पुढे अनेक मुलींना वैद्यकीय शिक्षणाचे दार दिसले. बाबासाहेबांनी कोलंबियातील ग्रंथालयात जे वाचले त्याचा लाभ तुम्हाआम्हाला रोज होतो. परदेशाने आणखी एक गोष्ट शिकविता येते. येथे बहुसंख्य आणि वरचा असलेला माणूस तेथे प्रथमच अल्पसंख्य होतो. दुकानदार आपल्याकडे दुर्लक्ष करतो तेव्हा कसे वाटते, हे त्याला कळते. तो अनुभव घेऊन तो परत आला आणि येथे आपण कोणाकडे दुर्लक्ष करीत होतो हे त्याला आठवले, तर त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे म्हणावे. नुसता स्वतःवरील अन्याय आठवून परत आला, तर ते अर्धेच झाले.

आपल्याला येथे करण्यासारख्या गोष्टीही आहेत. आपल्या महाविद्यालयात परदेशी शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती सूचनाफलकावर मराठीत आणि वेळेवर लागाव्यात. शिफारसपत्र आणि निवेदन कसे लिहावे, याचे दोन दिवसांचे वर्ग घेतले तर खर्च खडूपुरताच येईल. गावठाणातील घरांना मिळकत पत्रिका मिळणे हा केवळ जमिनीचा प्रश्न नाही, तो मुलांच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे, हे गावच्या बैठकीत वडीलधाऱ्यांपुढे मांडले पाहिजे. आणि आपल्याच वर्गात जो मागच्या बाकावर एकटा डबा खातो, त्याच्या शेजारी जाऊन बसायला तर व्हिसाही लागत नाही.

पळसाला पाने तीनच असतात, हे खरे. माणसे सर्वत्र सारखीच भेद करतात. पण कोलंबियाच्या वसतिगृहात एक पारशी आणि एक महार मुलगा एका छपराखाली राहू शकले आणि बडोद्यात तेच अशक्य झाले, याचा अर्थ असा की, भेद हा हवापाण्यात नसतो. तो माणसे ठरवितात तेथे असतो आणि ठरविले तर नसतोही. तसे ठरविण्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.